छत हातभर उंच करू का, आबा?

प्रिय आबा,

उद्या सकाळी शहाद्याहून सुतार येणार आहे. विजेची करवत घेऊन. तुम्ही स्वतःच्या हाताने बसवलेलं होडीचं छत तो उतरवणार, खांब बदलणार आणि हातभर उंच करून परत चढवणार, असं तुमच्या मुलाने ठरवलंय. वर त्याला शेपूट जोडलंय, "संगीता हो म्हणाली तरच." म्हणजे काही भलतंसलतं झालं तर खापर कोणाच्या डोक्यावर? माझ्या! मला हो म्हणायची भीती वाटते, आणि नाही म्हणायची त्याहून जास्त. ज्याने बांधली त्यालाच विचारावं, म्हणून लिहायला बसले.

दुपारची जेवणं आटोपून खळ्यात आलेय. कुठे बसलेय सांगू? तुमच्या होडीत, छताखाली, पडदे सोडून. हसू नका! होडी अजून बाभळीच्या ओंडक्यांवर उभी आहे. नदी इथून चार शेतं पलीकडे. तरी माझ्या तळहातांना घाम सुटलाय आणि कागदाचा कोपरा ओला झालाय.

मी पाण्याला किती भिते, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत होतं? माझं माहेर शहाद्यात, एसटी स्टँडच्या मागे. आमच्याकडे पाणी नळाला यायचं आणि बादलीत मावायचं. लग्न होऊन तुमच्या घरी आले तर समोर ही तापी! बॅरेज झाल्यापासून ती वाहत नाही की आटत नाही, नुसती काठोकाठ उभी. पहिल्या वर्षी तुम्ही मला काठावर नेलंत, तर मी तुमच्या सदऱ्याची बाही अशी धरली की शिवण उसवली. घरी येऊन स्वतःच सुईदोरा घेऊन बसलात.

आणि त्याच माणसाने पुढे घरात होडी बांधायला काढावी! लोक रिटायर झाल्यावर काशीला जातात, नाहीतर पारावर पत्ते कुटतात. तुम्ही साखर कारखान्यात जन्मभर फिटर, तुमचा हात लोखंडावर बसलेला. लाकूड म्हणजे तुमच्या दृष्टीने पाटाचं आणि पोळपाटाचं. पण सासूबाईंच्या, आपल्या माईंच्या, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, पाय वाकेनासे झाले, एसटीच्या पायऱ्या चढवेनात, आणि त्यांचा दर सोमवारचा प्रकाशा गावचा महादेव सुटला. एक दिवस तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "मी तुले पानीवरथून लई जासू." माईंना वाटलं, थट्टा. मला वाटलं, ऊन लागलं. दुसऱ्या आठवड्यात खळ्यात सागाच्या फळ्या उतरल्या!

मग ते मोबाईलवरचे व्हिडिओ. कोण तो दाढीवाला गोरा, घराच्या अंगणात होडी बांधणारा. तुम्ही त्याला "मन्हा पाव्हना" म्हणायचात. तो काय बोलतो हे पूर्वाला विचारायचात आणि माझी लेक कॉलेजचा अभ्यास सोडून तुमचा दुभाष्या झाली. होडीच्या मागच्या बाजूला बसायचा जो उघडा भाग असतो, त्याला तो कॉकपिट म्हणायचा. तुम्ही त्याचं नाव "हौद" ठेवलंत. पुढे छताची खोली आणि मागे उघडा हौद. हौद किती खोल हवा, आणि खोलीत डोक्यावर किती मोकळी जागा हवी, या दोन गोष्टींवरून तुम्ही घरातल्या प्रत्येकाचा जीव खाल्लात. देवपूजेला बसलेल्या माईंनासुद्धा सोडलं नाहीत.

हौदाचं कोडं तर तुम्ही मला धुणं धुताना समजावलं होतंत. टबात परात तरंगत ठेवलीत आणि म्हणालात, हौदाचा तळ बाहेरच्या पाण्यापेक्षा वरच हवा, म्हणजे आत आलेली लाट भोकातून आपोआप बाहेर जाते. तळ खाली गेला की त्याच भोकातून नदी आत येते. मग तुम्ही परातीला खिळ्याने भोक पाडून दाखवलंत! माझी चांगली परात, आहेराची. पाणी बुडबुड करत आत यायला लागलं आणि मी टबापासून दोन पावलं मागे सरले. परातीत कोणी बसलेलं नव्हतं, तरी सरले.

"मग तळ वरच ठेवा की, आबा," मी म्हटलं.

"वर ठेवा तं माणूस वर येस. बाहेर पडस ना."

आणि मग तुम्ही ते सांगितलंत, पाव्हण्याला जे ठाऊक नव्हतं. त्याच्या होडीत माणसं पाय खाली सोडून बसतात, खुर्चीत बसल्यासारखी. त्याची मापं तशा माणसांची. "आपला माणूस घाबरना का पाय वर लेस," तुम्ही म्हणालात. खरंच आहे! मी एसटीतसुद्धा घाट लागला की पाय सीटवर घेऊन मांडी घालते. पाय वर घेतले की माणूस तेवढाच उंच होतो आणि कठडा कमरेशी येतो, एका हेलकाव्यात बाहेर. म्हणून तुम्ही पाव्हण्याची मापं बाजूला ठेवलीत, बाक खाली आणलात, कठडा वर चढवलात, मांडी घातलेल्या माणसाच्या थेट काखेपर्यंत. तळ मात्र जागचा हलवला नाहीत.

पण मापाला माणूस कोण? मीच! सगळ्या गावात तुम्हाला मीच सापडले. दोन खाटा उभ्या करायच्या, मध्ये मला बसवायचं, वर आडवा बांबू धरायचा, सुतळीने मोजायचं आणि सुतळीला गाठ मारायची. गुडघ्याची गाठ, काखेची गाठ, डोक्याची गाठ. घरातल्या सगळ्यांच्या गाठी होत्या त्या सुतळीत, पण माझ्या सगळ्यात जास्त. गल्लीतल्या बायका कठड्यावर हात ठेवून बघायच्या आणि विचारायच्या, "काय व संगीता, तुले शिवी ऱ्हायना का सासरा?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि त्याहून वाईट म्हणजे तुमचं ते हलवणं! मी जरा निवांत बसले की न सांगता खाट हिसकन हलवायचात. मी किंचाळून उभी राहायचे. तुम्ही सुतळी घेऊन तयारच. परत "बस" म्हणायचात, परत हलवायचात. एकदा मी रडले. आठवतं? मी म्हटलं, "तुमच्या मुलाला बसवा ना, तो तर तापीत म्हशीच्या पाठीवर वाढलाय. माझीच का फजिती?"

तुम्ही सुतळी गुंडाळत म्हणालात, "धीटनं माप काय कामनं? भ्याडनं माप खरं ऱ्हास."

भ्याड! सासऱ्याने सुनेला तोंडावर भ्याड म्हणावं! मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. चहा आणून ठेवायचे आणि वळायचे. तुम्ही बशीत ओतून फुर्र करून प्यायचात, काही झालंच नाही अशा थाटात. पुढे समजूत काढलीत का? छे! नव्या फळीला रंधा मारायला घेतलात.

मग छत बसलं. फटींमध्ये घरच्या कापसाच्या वाती ठोकून झाल्या, डांबर झालं, आणि तुम्ही छाती दुखतेय म्हणालात. नंदुरबारच्या दवाखान्यात नेताना गाडीत तुम्ही मला काहीतरी सांगत होतात. "छतले हात..." एवढंच ऐकू आलं. पुढे मास्क लावला. छताला हात लावू नका म्हणत होतात, की छताला हात द्या म्हणत होतात? वर्ष झालं, माझ्या डोक्यातून ते जात नाही. अर्धं वाक्य ठेवून जातं का कोणी?

आता आजची गोष्ट.

तुमचं वर्षश्राद्ध येत्या आठवड्यात आहे. माई म्हणतात, ते प्रकाशाच्या घाटावरच करायचं आणि तुमच्याच होडीतून जायचं. त्यांनी एवढं सांगून सोडलं असतं तर ठीक होतं. पण नाही! "संगीता येई तं मी जासू. नही तं आठेच पान वाढा." म्हणजे मी नाही म्हटलं तर श्राद्ध इथे घरीच, आणि गेले तर सगळं घर पाण्यावर. तुमचा मुलगा, माई, पूर्वा आणि मी. मागे दिवा लावायलाही कोणी नाही. मी कणीक मळायला घेतली की मला ती होडी कलंडलेली दिसते. पूर्वाची ओढणी पाण्यावर दिसते. दिवसाढवळ्या दिसते, आबा. काल भाजी करपली आणि वास घरभर गेला, तरी मला कळलं नाही.

आणि ते छत. मांडी घालून बसलं तर डोक्यावर जेमतेम वीतभर जागा. उभं राहायचा तर प्रश्नच नाही, ओणव्याने आत शिरायचं. ज्या माईंसाठी होडी बांधली, त्यांचे गुडघे वाकत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक होतं ना? मग त्या आत कशा जाणार? सरपटत? तुमचा मुलगा म्हणतो, "आबाना अंदाज चुकना. वय व्हतं." तो वाईट मनाने म्हणत नाही. म्हणताना तोही खालीच बघत होता. पण त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. आणि उंच छत म्हटलं की दुसरी भीती. दुपारी बॅरेजच्या पाण्यावर वारा सुटतो तो काय ऐकतो का कोणाचं? छताला धरून होडीच उलथी केली तर? खुजं ठेवावं तर माई अडकतात, उंच करावं तर वारा. सांगा, मी काय म्हणू?

थांबा, बाहेर ट्रॅक्टरचा आवाज येतोय.

*

आबा, कागद चुरगळलाय. अक्षर समजून घ्या.

मी आत आहे हे कोणाला माहीतच नव्हतं. पडदे सोडलेले, मी चिडीचूप. तुमचा मुलगा शेजारच्या दोघांना घेऊन आला, पुढच्या आठवड्यात ट्रॉलीवर चढवताना होडी कशी उचलायची ते बघायला. पहार घातली आणि दिली उचलून! होडी एका बाजूला गेली. माझ्या हातातून कागद गेला, पेन गेलं, आणि मी "आई गं!" करून उभी राहिले.

म्हणजे राहायला गेले. टाळकन छत डोक्यात बसलं आणि मी जागच्या जागी खाली. खाली बसताना उजवा हात आपोआप जमीन शोधायला गेला, तर हातात दांडा आला. तुम्ही फळीला आतून एक गोल गुळगुळीत दांडा बसवलाय ना, तो. मला वाटायचं, तो पिशव्या अडकवायला असेल. मी तो दोन्ही हातांनी धरला आणि तशीच बसून राहिले. होडी दुसऱ्या बाजूला हेलकावली, परत आली, ओंडक्यावर टेकली. मी बसलेलीच.

पडदा वर करून तुमच्या मुलाने आत बघितलं, तर त्याचा चेहरा माझ्याहून पांढरा. "तू आठे काय करी ऱ्हायनी?" मी दांडा काही सोडेना. शेजारच्या दोघांनी आधी देवाचं नाव घेतलं, मग हसू दाबलं.

आरडाओरडा ऐकून माई आल्या, काठी टेकत, वाटीत हळद घेऊन. टेंगळावर हळद लावता लावता मी फणकारले, "बघा माई, आबांचं छत! कवटी फुटली असती माझी."

माई म्हणाल्या, "लागू दे. त्याच्याकरताच ठेयेल शे ते."

माईंनी काठी बाजूला ठेवली आणि होडीच्या कडेला हात टेकला. मग जे सांगितलं, ते या घरात मी इतकी वर्षं आहे तरी कधी ऐकलं नव्हतं. तुमच्या मुलानेही नाही.

तुम्हाला एक धाकटी बहीण होती. कमल. तिचं नावसुद्धा या घरात कोणी घेत नाही! माई लग्न होऊन आल्या त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. तेव्हा बॅरेज नव्हतं, पलीकडे जायला नाव होती. बाजार करून सगळे परत येत होते. मध्यावर कोणीतरी ओरडलं, "पानी भरी ऱ्हायनं!" पाणी भरत नव्हतंच. लाट उडून थोडं आत आलं होतं एवढंच.

"कमल उभी ऱ्हायनी," माई म्हणाल्या. "तिले पाहीसन सगळाच उभा ऱ्हायनात. नाव कलंडी गयी. ज्या बठेल व्हतात, त्या वाचनात."

तुम्ही काठीचा धाक दाखवून ज्यांना बसवून ठेवलंत, ते उलट्या नावेला धरून राहिले. नाव कलंडायच्या आधी कमल तुमच्यापासून हातभर अंतरावर होती. तुम्ही तिला "बस" म्हणून ओरडलात, आणि ती तुमच्याकडे यायला निघाली. चालत.

आबा! आबा, हे तुम्ही कधी सांगितलं का नाही? मला भ्याड म्हणताना तुमच्या पोटात हे होतं? मी प्रत्येक वेळी खाट हलवल्यावर उभी राहत होते, तेव्हा तुम्ही मला बघत होतात की तिला? आणि मी मूर्ख, तुमच्यावर रुसून चहाची कपबशी आपटून ठेवत होते!

तुम्हीही भीत होतात. एवढंच मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं हो? दोघं मिळून भ्यायलो असतो. तुम्ही काठावर निवांत विडी ओढत उभे राहायचात, म्हणून मला वाटायचं, हा माणूस पाण्याला काय भितोय! आता आठवतंय, तुम्ही कधी पाण्यात उतरला नाहीत. घाटावरसुद्धा तांब्याने अंगावर घ्यायचात.

तर ते छत चुकलेलं नाही. खोलीत कोणाला उभं राहता येऊ नये, म्हणूनच ते तेवढं आहे. बसलेल्याला पुरेल आणि उठणाऱ्याला लागेल, बरोब्बर माझ्या उठायच्या उंचीवर. दांडा माझ्या हाताच्या उंचीवर. बाजूंना भिंती का नाहीत, नुसते पडदे का, हे मी तुम्हाला विचारलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "निंघाले वाट पाह्यजे." मला वाटलं, वाऱ्याची वाट म्हणताय; तुम्ही होडी उलटली तर माणसांनी निघायची वाट म्हणत होतात.

पण तुमच्या मुलाचा हट्ट बघा. डोळे पुसले आणि परत म्हणतो, "मंग मायनं काय? ती आत कशी जाई?"

तेव्हा माई जरा चिडल्याच. "माले आत कोण धाडी ऱ्हायनं?" म्हणाल्या आणि होडीच्या मागच्या टोकाकडे निघाल्या. आम्ही खाट टेकवली, दोन्ही बाजूंनी धरलं. हौदाच्या उजव्या अंगाची कड तुम्ही रुंद का ठेवली होती? त्यांनी त्या कडेवर पाठमोरं बसावं, म्हणून! बसल्या, वळल्या, आणि हळूहळू खालच्या बाकावर आल्या. पाय न वाकवता सरळ पुढे गेले, लांबच्या लांब. त्या बाजूला आडवी फळी नाहीच. मी एकदा विचारलं होतं, इथली फळी राहिली का, तर तुम्ही म्हणालात, "ते पायनं शे." मी म्हटलं होतं, हे काय उत्तर झालं!

माई हौदात बसल्या. कठडा थेट काखेपर्यंत आला. त्यांनी दोन्ही हात त्याच्यावर ठेवले आणि पदर डोक्यावरून नीट घेतला. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं.

त्यांना हे सगळं तुम्ही सांगितलं होतंत का, असं मी नंतर विचारलं. म्हणाल्या, छे, तो कुठे काही सांगायचा. "सुतळी धरीसन बठाडे, मी बठू." बास. त्यांना मापात सगळं कळत होतं आणि मला मात्र फजिती दिसत होती.

सुताराला फोन गेला आहे. तो येऊ नकोस म्हटल्यावर रागावला, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही रागावले असते. तुमच्या मुलाने छताखाली जाऊन एक खिळा अजून घट्ट ठोकला, काही गरज नसताना.

आता माझी भीती गेली, असं लिहिलं तर तुम्हाला आनंद होईल. पण खोटं कशाला लिहू? गेलेली नाही. उलट आता एक जास्तीची आली. आधी मी पाण्याला भीत होते, आता मला माझ्या पायांची भीती वाटते. ते मला न विचारता उठतात, हे आज समजलं. पूर्वाचेही उठतील. ती माझीच मुलगी.

म्हणून मी घरात हुकूम सोडलाय. आधी माणसं नाहीत, रेतीच्या गोण्या. आमच्या वजनाच्या गोण्या, आमच्या जागी ठेवून, दोन दिवस काठाकाठाने फिरवायच्या. मग अंगात घालायची जाकिटं आणायची, आणि पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंना तरंगायला केळीचे खांब बांधायचे. तुमचा मुलगा म्हणाला, केळीचे खांब बांधून गेलो तर प्रकाशाला लोक म्हणतील, सत्यनारायण निघाला. म्हणू देत! निघायचं सकाळी, वारा उठायच्या आत. वारा असेल तर श्राद्धाचं पान इथेच, तुम्हाला चालेल ना? चालवून घ्या. भ्याडाचं माप खरं असतं, हे तुम्हीच म्हणालात. मग आता भ्याडाचं ऐका.

पूर्वाला आज संध्याकाळी खोलीत बसवणार आहे, या ओंडक्यांवरच. आणि न सांगता होडी हलवणार आहे. ती रडेल, माझ्यावर चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. तिला लागू दे डोक्याला. मग तिला कमलआत्याचं सांगेन. तुमच्यासारखं पोटात ठेवणार नाही, आधीच सांगते. या घरात आता ते नाव घेतलं जाईल.

एक गोष्ट तेवढी अजून टोचते. गाडीत तुम्ही म्हणत होतात, "छतले हात..." छताला हात लावू नका असंच म्हणत होतात, असं धरून चालते. चूक असेल तर काय करता येईल ते करा, पण होडी मात्र हलवू नका! तुमची ती सवय तिकडे विसरून या.

आता माझा शब्द ऐका. श्राद्धाच्या दिवशी मी त्या खोलीत बसेन. पाय वर घेऊन, मांडी घालून, दांडा दोन्ही हातांनी धरून. डोळे बहुतेक मिटलेले असतील. ओरडेनही, मी ओरडणार नाही असं वचन देत नाही. मध्यावर एखादी लाट आत आली आणि कोणी "पाणी भरतंय" म्हणालं, तर पूर्वाची ओढणी मी धरलेली असेल. ती उठायला लागली तर खाली ओढेन. माझे पाय उठायला लागले तर छत आहे.

कमलआत्या तिथे भेटल्या असतील. अजून उभ्या असतील तर त्यांना हाताला धरून बसवा.

इथे मी बसते, आबा. उभी राहणार नाही.

तुमच्या मापाची, तुमची भ्याड सून,
संगीता